‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ : नाशिकमधल्या एका सॉफ्टवेअर मुलाखतीचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या जुलै-ऑगस्टमधलं. उमेदवार माझ्या ओळखीची, एके काळी माझ्याच टीममध्ये ट्रेनी म्हणून आलेली. अजूनही मला ताई म्हणते. तिच्या परवानगीने लिहिते आहे. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून जागा आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. घडलं त्याचा क्रम आणि झालेली बोलणी तशीच ठेवली आहेत.

मुलाखतीची तयारी म्हटलं की आपण उत्तरं पाठ करतो. समोरची कंपनी पारखायची तयारी आपल्याकडून कुणी करून घेत नाही. ती कशी करता येते, आणि करूनही कुठे कमी पडते, हे या एका प्रकरणात मला जवळून बघायला मिळालं.

पार्श्वभूमी

तिचं वय तेव्हा ३१. आठ वर्षांचा अनुभव, सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हरवर हात बसलेला. नोकरी पुण्यात हिंजवडीला, पण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन नाशिकला आली ती इथेच राहिली. तीन वर्षं इंदिरानगरच्या घरातून काम. नवरा सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. मुलगी त्या जूनमध्ये नुकतीच पहिलीत गेलेली. मे महिन्यात पुण्याच्या ऑफिसचा मेल आला : १ ऑगस्टपासून आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष हजेरी.

नाशिक-पुणे साधारण २१० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पाच तास धरायचे, चाकणला अडकलात तर सहा. तीन दिवस हजेरी म्हणजे दोन रात्री पुण्यात मुक्काम. पहिलीतल्या मुलीला आठवड्यातून दोन रात्री सोडून राहायचं, हे तिला नको होतं.

त्याच सुमाराला नाशिकमध्ये एक जागा निघाली. कंपनी लहान, मुंबई नाक्याच्या बाजूला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. कारखान्यांसाठी ईआरपी, म्हणजे सगळा व्यवहार एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, बनवणारी : खरेदी, स्टोअर, जॉबवर्कची चलनं, उत्पादन, बिलिंग. एकूण २७ ग्राहक, बहुतेक सातपूर, अंबड आणि सिन्नरचे. मालक स्वतः पूर्वी एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे विषय त्यांना आतून माहीत. हवा होता सीनियर डेव्हलपर.

पुण्यात नोकरी चुकली तर शेजारच्या इमारतीत दुसरी बघता येते. नाशिकमध्ये तिच्या अनुभवाला आणि पगाराला साजेशा जागा मोजक्याच निघतात, आणि वर्तुळ इतकं लहान की सहा महिन्यांत नोकरी सोडलीत तर पुढच्या मुलाखतीत समोरच्याला ते आधीच कळलेलं असतं. त्यामुळे इथे निवड चुकण्याची किंमत जास्त.

पहिली फेरी आणि पहिली चूक

पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर झाली, पन्नासेक मिनिटांची. डेडलॉक, इंडेक्स, एक क्वेरी लिहून दाखवणं, तारखांच्या फॉरमॅटचा एक फसवा प्रश्न. सगळं छान गेलं. शेवटी मालकांनी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय का?”

ती म्हणाली, “नाही सर, सगळं क्लिअर आहे.”

संध्याकाळी मला फोन आला तो आनंदाचा. मी सहज विचारलं, टीम किती जणांची आहे? माहीत नाही. या जागेवर आधी कोण होतं? माहीत नाही. टेस्टिंग कोण करतं? विचारलं नाही. आत्ताच माणूस का हवाय? “काम वाढलंय म्हणाले.” मग ती थोडी गप्प झाली आणि म्हणाली, “ताई, पहिल्याच भेटीत विचारलं तर त्यांना वाटेल ना, ही आत्तापासूनच अटी घालते.”

ही भीती मी बऱ्याच मुलामुलींमध्ये बघते, आणि मुलींमध्ये जरा जास्तच. आपल्याकडे नोकरी ‘लागते’, लॉटरी लागावी तशी. लागलेल्या गोष्टीची चौकशी कशी करायची, असं आतून वाटत राहतं. पण ज्या माणसाने पन्नास मिनिटं आपल्याला बारकाईने तपासलं, त्याला आपणही तपासावं हे गैर वाटायचं कारण नाही. विचारण्याची सगळ्यात मोकळी वेळ तिने हातची घालवली होती. सुदैवाने दुसरी फेरी होणार होती. तिने मेल करून ती ऑफिसमध्येच ठेवायची विनंती केली, आणि मालकांनी ती लगेच मान्य केली.

आधी काय तपासलं

हातात चार दिवस होते. दोन गोष्टी घरी बसून बघता येतात, आणि कुणालाही येतात.

पहिली म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरची नोंद. कंपनी कधी नोंदली, भांडवल किती, संचालक कोण, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, कोणत्या तारखेपर्यंतचा ताळेबंद भरलाय, मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे, हे तिथे दिसतं. या कंपनीचा मार्च २०२२ पर्यंतचा ताळेबंद भरलेला होता. वार्षिक सभेला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत असते, त्यामुळे जुलैमध्ये मागच्याच वर्षाचा ताळेबंद दिसणं रीतसर होतं. एका बँकेचा बोजा होता. धंद्यात तो असतोच. इथे काही खटकलं नाही.

दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावरची. आस्थापनेचं नाव टाकून शोधलं की दर महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला जमा झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे कळतं. मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. आम्ही वर्षभराच्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. जून २०२२ मध्ये ४४ कर्मचारी, मे २०२३ मध्ये ३३. नोव्हेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीचा पीएफ महिनाभराहून जास्त उशिरा भरलेला.

वाढत्या कामासाठी माणूस शोधणाऱ्या कंपनीत वर्षभरात ११ माणसं कमी झाली होती. मी तिला म्हटलं, कारण काहीही असू शकतं, पण हे विचारल्याशिवाय यायचं नाही.

मग प्रश्नांकडे वळलो. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने २००० साली बारा हो-नाही प्रश्नांची एक चाचणी मांडली होती : सोर्स कंट्रोल (कोडच्या आवृत्त्या जपणारी यंत्रणा) वापरता का, एका पायरीत बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं) होतो का, बगची, म्हणजे चुकांची, नोंद ठेवता का, सॉफ्टवेअर तपासणारे टेस्टर आहेत का, काम करायला शांत जागा आहे का, वगैरे. ते विषय आजही नेमके आहेत. पण मुलाखतीत हो-नाही प्रश्न विचारला की समोरून ‘हो’ येतं. सोर्स कंट्रोल? हो, गिट आहे. टेस्टिंग? हो, होतं ना. म्हणून आम्ही प्रत्येक विषय ‘शेवटचं कधी’ मध्ये बदलून घेतला. शेवटचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाकडे चालू करणं, कधी झालं, त्या दिवशी कोण किती वाजेपर्यंत होतं? शेवटचा मोठा बग कुणाला सापडला, टेस्टरला की ग्राहकाला? शेवटी नोकरी सोडून गेलेला माणूस का गेला? घडलेली गोष्ट सांगताना माणूस तपशील देतो, आणि एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारला की तपशील जुळतात की नाही तेही दिसतं.

दुसरी फेरी

ती वीस मिनिटं आधी पोचली. मालकांशी तासभर बोलणं झालं. शेवटच्या रिलीजबद्दल ते म्हणाले, “दर महिन्याला एक रिलीज, प्रोसेस ठरलेली आहे.” ही जागा नवीन आहे का? “हो, टीम वाढवतोय.” इतकी घाई का? या प्रश्नावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकून मनापासून बोलले.

कारण होतं ई-इनव्हॉइस. जीएसटीमध्ये ही सक्ती टप्प्याटप्प्याने खाली आली : ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरची उलाढाल, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटींच्या वरची, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरची. म्हणजे सातपूर-अंबडमधले मधल्या आकाराचे वर्कशॉपही त्यात आले. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड घ्यायचा, आणि मगच माल गेटबाहेर. कंपनीचे ११ ग्राहक या नव्या टप्प्यात येत होते आणि हातात जेमतेम तीन आठवडे होते.

तिने विचारलं, “सर, याची अधिसूचना मे महिन्यात निघाली. काम कधी सुरू केलं?” ते म्हणाले, “जुलैच्या पहिल्या आठवड्यात.” उत्तर सरळ दिलं, सबब सांगितली नाही. ती गोष्ट तिच्या लक्षात राहिली.

मग तिने आमच्या यादीत नसलेली विनंती केली : “मी जिथे बसणार ती जागा बघता येईल का?”

एकच मोठा हॉल. खिडकीकडच्या बाजूला सपोर्टची तीन मुलं हेडफोन लावून ग्राहकांशी बोलत होती, आणि ग्राहकाकडच्या मशिनच्या आवाजावर मात करायची म्हणून मोठ्याने. तिची खुर्ची त्यांच्यापासून दहा फुटांवर. व्हाइटबोर्डवर ‘ई-इनव्हॉइस’ असं लिहून त्याखाली ११ नावं, तिघांपुढे बरोबरची खूण. टीम लीडच्या स्क्रीनवर एक फोल्डर उघडं होतं आणि त्यात ग्राहकांच्या नावाने सव्वीस-सत्तावीस फोल्डर, काहींच्या पुढे ‘न्यू’, एकापुढे ‘फायनल २’. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, तिच्यावर कुठल्यातरी ग्राहकाच्या सर्व्हरचा पासवर्ड.

ते फोल्डर बघून तिला सगळं कळलं. प्रत्येक ग्राहकासाठी कोडची वेगळी कॉपी काढलेली होती. नवा ग्राहक आला की जुन्या जवळच्या ग्राहकाची कॉपी घ्यायची आणि त्याला हवे ते बदल करून द्यायचे. पहिल्या तीन-चार ग्राहकांपर्यंत याच्याइतकं सोपं काही नसतं. पण पुढे एका ठिकाणी दुरुस्त केलेला बग दुसऱ्या २६ ठिकाणी तसाच राहतो, आणि ई-इनव्हॉइससारखा सगळ्यांना लागणारा बदल आला की एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, दर वेळी थोडं वेगळं. गिट होतं. पण ते या २७ कॉप्यांचं कपाट म्हणून वापरात होतं.

परत निघाली तेव्हा पाऊस होता. टीम लीड तिला खाली सोडायला आला आणि दोघं शटरखाली थांबले. तिने त्यालाही तेच विचारलं, शेवटचं रिलीज कसं झालं? तो म्हणाला, “मागच्या शनिवारी. रात्री अडीच वाजले मॅडम. डेटाबेसच्या स्क्रिप्ट हाताने चालवाव्या लागतात, एक विसरली होती. ग्राहकाची सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत शोधून काढली.” टेस्टिंग? “सपोर्टची मुलं बघतात, वेळ मिळाला तर.” आणि न विचारता पुढे म्हणाला, “आधीचे सर मार्चमध्ये गेले. तेव्हापासून त्यांचंही मीच बघतो.”

म्हणजे जागा नवीन नव्हती.

हा पेच कसा सोडवायचा

मालकांचं आणि टीम लीडचं उत्तर जुळत नव्हतं. मालकांना थेट सांगायचं, तर विश्वासाने बोललेला मुलगा अडचणीत येणार. गप्प बसायचं, तर त्यांनी खोटं सांगितलं असं धरून चालायचं. तिने दोन दिवसांनी फोनवर वेगळ्या बाजूने विचारलं : “सर, या कोडची जुनी माहिती मी कुणाकडून घ्यायची?” मालक म्हणाले, “आमचे सीनियर होते, मार्चमध्ये गेले. त्यांचा नंबर देतो, बोलून घ्या.” लपवायचं असतं तर नंबर दिला नसता. नवीन जागा असं का म्हणाले होते, हे तिने उकरलं नाही, आणि मला ते तेव्हाही बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

पीएफचा प्रश्नही तिने त्याच फोनवर काढला. आरोप वाटू नये म्हणून शब्द आम्ही आधी तीनदा बदलून बघितले होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, “सर, मी रेकॉर्ड बघितलं, काही महिन्यांचा पीएफ उशिरा दिसतो. तेव्हा काय झालं होतं?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “दोन मोठ्या ग्राहकांची बिलं सात महिने अडकली होती. पगार थांबवला नाही, पीएफ मागे पडला. दंड-व्याज भरलं सगळं. अजून एका ग्राहकाचे पैसे यायचेत.”

आधीच्या सीनियरला ती कॅनडा कॉर्नरजवळ चहाला भेटली. तो म्हणाला, “माणूस चांगला आहे. पैसे बुडवणार नाही. पण ग्राहकाला नाही म्हणता येत नाही त्यांना. सोमवारी ठरवलेलं बुधवारी बदलतं.” तो का गेला? टेस्टर घ्या म्हणून दीड वर्ष मागे लागून थकला, म्हणून.

ऑफर लेटर

ऑफर १२ लाखांची आली. पुण्याच्या हिशोबात तिला हे महिना एक लाख वाटलं. आम्ही कागद घेऊन बसलो. १२ लाखांतले २ लाख ४० हजार ‘कामगिरीवर अवलंबून’. उरले ९ लाख ६० हजार. मूळ वेतन महिना ४० हजार धरलेलं. कंपनीने भरायचा पीएफ महिना १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००, तोही त्यातच. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे २३,०८८, तीही त्यातच. आणि ती तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं सलग नोकरी झाली तरच हातात पडणार. वजाबाकी केली तर महिन्याला ७६,२७६. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ७४ हजारांच्या आसपास, आणि त्यातून पुन्हा आयकर. पुण्यात तिच्या हातात सगळं कापून ६८ हजार येत होते. म्हणजे वाढ होती, पण ती समजत होती तेवढी नाही.

दुसऱ्या पानावर दोन वर्षांचा बाँड, मोडला तर दोन लाख, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा करायच्या. बाँडचं म्हणाल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. त्याच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. पण कोर्टात जाऊन भांडायची वेळ कुणावरच येऊ नये, म्हणून हे सही करण्याआधीच बोलायचं. मूळ कागदपत्रांबद्दल माझं मत ठाम होतं आणि आहे : दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत आपल्या कपाटात.

कोणते पर्याय होते

पुण्याचीच नोकरी ठेवून तीन दिवस जाणं-येणं करायचं. नकार देऊन घरून करता येईल असं दुसरं काम शोधायचं, ज्याला किती महिने लागतील याचा नेम नव्हता. आहे तशी ऑफर घ्यायची. किंवा अटी बदलून घ्यायची.

माझा सल्ला स्पष्ट होता : घेऊ नकोस. पीएफ मागे पडलाय, माणसं कमी झालीत, अजून एका ग्राहकाचे पैसे अडकलेत, टेस्टर नाही, आणि येणाऱ्या माणसावर २७ कॉप्यांचा डोंगर. ऑक्टोबरपर्यंत थांब, दुसरं बघू.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, पुण्याच्या कंपनीने मला एक मेल पाठवला आणि माझी तीन वर्षांची घडी मोडली. कारण विचारलं तर धोरण आहे म्हणाले. इथे मी पीएफचं विचारलं आणि मालकाने सात महिन्यांची गोष्ट सांगितली. मला माहितीये तिथे काय वाट्याला येणार आहे.” शिवाय विखुरलेला कोड एकत्र आणायचं काम तिने पुण्यात एकदा केलेलं होतं, आणि तिला ते आवडतं, हे मी विसरले होते.

काय केलं

तिने चार मागण्या एका मेलमध्ये लिहिल्या. गुणपत्रिका जमा करणार नाही. बाँड काढावा. कामगिरीचा भाग कमी करून पक्का पगार वाढवावा. सहा महिन्यांत टेस्टर घ्यावा, आणि आठवड्यातला दीड दिवस कॉप्या एकत्र आणायच्या कामाला राखून ठेवावा.

मालकांनी तिला बोलावून घेतलं. गुणपत्रिकांची अट लगेच काढली. “ती जुन्या फॉरमॅटमधली आहे,” म्हणाले. बाँड पूर्ण काढला नाही, पण एक वर्षाचा केला, आणि दर महिन्याला रक्कम उतरत जाईल असं लिहून दिलं. कामगिरीचा भाग २० टक्क्यांवरून १० वर आणला. दीड दिवसाचं ऑफर लेटरमध्ये एका ओळीत आलं. टेस्टरबद्दल म्हणाले, “घेऊ. दिवाळीनंतर बघू.” ते कागदावर आलं नाही. तिने सही केली, पुण्याच्या नोटीसमधले उरलेले दिवस रजेत वळते करून घेतले आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू झाली.

काय झालं

ती पोचली तेव्हा ११ पैकी ७ ग्राहकांचं ई-इनव्हॉइस चालू झालं होतं. उरलेले चौघं पोर्टलवर हाताने बिलं भरत होते आणि रोज फोन करून बोलत होते. पहिले सहा आठवडे ते निस्तरण्यात गेले, राखून ठेवलेल्या दीड दिवसासकट. तिने त्यानंतर ऑफर लेटरमधली ती ओळ दाखवून आपला दीड दिवस परत घेतला. तोंडी ठरलेलं असतं तर तो गेलाच असता, असं ती स्वतः सांगते.

वर्षभरात २७ कॉप्यांच्या नऊ झाल्या. डेटाबेसच्या स्क्रिप्ट आता आपोआप क्रमाने चालतात, आणि रात्री अडीचपर्यंत बसायची वेळ पुन्हा दोनदाच आली. पगार एकदाही चुकला नाही. पीएफ मात्र आणखी दोनदा उशिरा गेला, म्हणजे माझी भीती निराधार नव्हती. कामगिरीच्या पैशांपैकी निम्मे वेळेवर मिळाले, निम्मे चार महिन्यांनी. टेस्टर आठव्या महिन्यात आला, दोन मोठ्या ग्राहकांनी बिलं रोखल्यावर. हॉलमधला आवाज तसाच आहे. ती कानात बोळे घालून काम करते. ऑगस्ट २०२४ मध्ये बाँड संपला. ती तिथेच आहे.

निर्णय बरोबर होता की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. मी तेव्हा त्या कंपनीला पीएफच्या ओळींवरून तोललं. तिने मालकांच्या उत्तरावरून. दोन्ही खरं निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फेरीतच दोन-तीन प्रश्न विचारायला हवे होते. दुसरी फेरी झाली म्हणून निभावलं. अनेक लहान कंपन्यांत एकच फेरी असते आणि तिसऱ्या दिवशी ऑफर येते. तसं झालं असतं तर तिने २७ कॉप्या आणि पीएफ दोन्ही रुजू झाल्यावर बघितले असते.

टेस्टरचं लिहून घ्यायला हवं होतं. आधीचा माणूस नेमका त्याच कारणाने गेला, हे चहाच्या टेबलावर कळलेलं होतं. म्हणजे ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर आधी कुणीतरी दीड वर्ष ऐकलेलं होतं. मी तिला इथे अडून बसायला सांगायला हवं होतं. मी ‘घेऊच नकोस’ यावर अडून बसले आणि घेतली तर काय पदरात पाडून घ्यायचं, याकडे माझं लक्ष कमी राहिलं. अशी मदत करणाऱ्या कुणीही हे जपावं, कारण आपला सल्ला मोडून गेलेल्या माणसालाच तयारीची जास्त गरज असते.

कामगिरीचे पैसे कशावर ठरणार, कधी मिळणार, हे तिने विचारलं नाही. टक्का २० वरून १० वर आला यातच आम्ही खूश झालो.

आणि ग्राहक. कंपनीचे बहुतेक ग्राहक तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत. नाशिकसारख्या ठिकाणी हा केवढा मोठा फायदा आहे, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सरकारी संकेतस्थळांवरची रेकॉर्ड बघत बसलो, आणि तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा अंबडचा एक वर्कशॉप त्याच कंपनीचा तीन वर्षांचा ग्राहक होता. नवरा तिथे महिन्यातून दोनदा मालाच्या तपासणीला जायचा. हे तिला कळलं रुजू झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, ती स्वतः त्या वर्कशॉपमध्ये गेली तेव्हा. स्टोअरकीपरने तिला जाड बांधणीची एक वही काढून दाखवली. “मॅडम, महिनाअखेरीला तुमचं सॉफ्टवेअर स्टॉक उणे दाखवतं. मग आम्ही हिच्यातच लिहितो. दोन वर्षं झाली सांगून.”

तिने ऑफिसात येऊन शोधलं. ती चूक २०२१ मध्येच दुसऱ्या एका ग्राहकाच्या कॉपीत दुरुस्त झालेली होती. या वर्कशॉपच्या कॉपीत ती दुरुस्ती त्या संध्याकाळी गेली.